तीन चाळीस

वाल्दिव्हियात, नदीकाठी, दुसऱ्या मजल्यावर
आमची कचेरी. शिंपल्यांची शेती करणाऱ्यांना
पाण्याचा ताप, ओहोटीची वेळ, लाल शेवाळाचा इशारा
वेळेत कळवायचा, एवढंच काम.
माणसं नऊ. चौघं इथं,
तिघं चिलोए बेटावर आपापल्या घरी,
एक पुंता आरेनासला, जिथलं घड्याळ
हिवाळ्यात आमच्या तासभर पुढं,
आणि एलिसेओ, कधी इथं कधी तिथं.

आठवड्याला सतरा बैठका.
सोमवारी, आठवडा कसा जाईल याची.
शुक्रवारी, तो कसा गेला याची.
बुधवारी एक, जिच्यात ठरायचं
शुक्रवारी काय बोलायचं ते.
नमनालाच घडाभर तेल:
"ऐकू येतंय का?"
"निबाल्दो, तुझा आवाज तुटतोय."
"कुत्रं कोणाचं?"
खोलीतले चौघं एकमेकांकडं बघून हसायचे,
पडद्यावरच्यांना कळायचं नाही कशाला.
गुऱ्हाळ दिवसभर चालायचं,
गुळाचा खडा कोणाच्या हाती लागला नाही.
खाली मासळीबाजाराच्या पायऱ्यांवर
सागरी सिंह ओरडत पडलेले.
त्यांचं निदान पोट तरी भरायचं.

एप्रिलात केमचीच्या खाडीत लाल शेवाळ शिरलं.
इशारा अकराला तयार होता.
आम्ही बैठकीत होतो,
विषय: इशारे वेळेवर कसे द्यावेत.
दोनला बाहेर पडलो.
तोवर ओर्तेन्सियाबाईंनी सहा दोर शिंपले
काढून, धुऊन, पोत्यांत भरले होते.
सगळे पुरावे लागले.
त्या फोनवर रागावल्या नाहीत.
"सहा दोर," एवढंच म्हणाल्या, आणि ठेवला.

त्या रात्री मी फर्मान काढलं, ठळक अक्षरांत:
बोलू नका, लिहा.
पडद्यावर एक सामाईक वही.
काय झालं, कुठं अडलं, कोणाकडून काय हवं.
प्रत्येकानं आपापल्या वेळी लिहावं,
आपापल्या वेळी वाचावं.
सतरातल्या उरल्या दोन.
पहिल्या मंगळवारी दहा वाजता
आम्ही चौघं सवयीनं त्या खोलीत जाऊन बसलो,
मग ओशाळून उठलो.

आणि एलिसेओ.
बैठकीत त्याची जीभ शब्दाच्या उंबऱ्यावर अडायची,
मग कोणीतरी, बहुतेक वेळा मीच,
घाईनं त्याचं वाक्य पुरं करायचे.
वहीत त्यानं पहिल्याच आठवड्यात दीड पान लिहिलं:
खाडीच्या तोंडाशी वारा कसा वळतो,
आपले आकडे तिथंच का चुकतात.
तीन वर्षं हा माणूस आमच्यात बसून होता,
आणि मी त्याची वाक्यं पुरी करत होते,
चुकीची.

जूनमध्ये त्याच्या नोंदी आखूड झाल्या.
"झालं."
"पाठवलं."
"झालं."
कामात खोट नव्हती. खाली सगळ्यांनी
हिरवी खूण केली. मीही केली.
एका गुरुवारी, कॉफी निवत असताना,
नोंदीच्या कडेला बारीक राखाडी अक्षरांत
कधीच न वाचलेली वेळ वाचली:
पहाटेचे तीन चाळीस.
आदल्या रात्री तीन पंचवीस.
त्याच्या आदल्या रात्री चार.
आपापल्या वेळी.
माझेच शब्द, ठळक अक्षरांत.

वहीत लिहिलं नाही. वेळ मागितली नाही.
सरळ फोन लावला.
"ही बैठक नाही," मी म्हटलं.
तिकडं कुठंतरी चाकांची खाट सरकली,
एक यंत्र ठरावीक अंतरानं टुक् टुक् करत राहिलं.
"बा," तो म्हणाला.
"बा..."
मला तो शब्द ठाऊक होता.
जिभेवर आला होता, दातांपर्यंत.
खिडकीबाहेर एक होडी पूल ओलांडून गेली,
तिच्या मागची लाट काठाला लागून विझली.
मी काही पुरवलं नाही.
"...बाबा," तो म्हणाला.

दोन आठवड्यांनी, एका सोमवारी, त्याची नोंद आली,
सव्वा पान, पुन्हा त्या वळणाऱ्या वाऱ्यावर.
वाचण्याआधी मी वेळ पाहिली.