खरं

आमच्या बेळगावात 'पण' कमी, 'खरं' जास्त.
जेवण झालं, खरं भूक हाय.
पोरगा चांगला, खरं कामाला जात नाही.
तर या विमानाच्या गेमबद्दल मी जे सांगणार
ते असंच, खरं-खरं करत.

चौदा रात्री खेळलो.
सेकंड शिफ्ट सुटली की उद्यमबागेतून
तिसऱ्या गेटचा पूल ओलांडून
अनगोळात, इराण्णाच्या माडीवर.
मशीन त्याच्या भावाचं, जुनं,
पंखा असा ओरडतो की खाली त्याची आई जागी होते.

आधी यान वळतं कसं, ते.
इंजिन बंद केलं तरी पुढं जात राहतं,
नाक फिरवलं तरी अंग
जुन्याच वाटेनं घसरत जातं.
ज्यानं हे केलं त्याला वजन कळतं.
मी नऊ वर्षं ग्राइंडिंगवर हाय.
बटण दाबलं म्हणून चाक लगेच थांबत नाही
हे त्या लांबच्या माणसाला ठाऊक हाय बघून
इराण्णाच्या पाठीत एक थाप मारलो.

खरं, यानाला ओरखडा नाही.
अख्खं युद्ध करून धक्क्याला लागलं
की तीन सेकंदांत नवं.
कोण घासतं? कोण बर काढतं?
दोनशे यानांच्या ताफ्यात
एक हेल्पर नाही, एक तेलाचा डबा नाही,
बोटाला चिंधी बांधलेला एक माणूस नाही.

आवाज.
काच तडकते तेव्हा सगळं गप्प होतं.
तोफा दिसतात, ऐकू येत नाहीत.
हेडफोनात फक्त आपला श्वास,
तोही हळूहळू कुणी दुसऱ्याचा झाल्यासारखा.
इथं मी 'खरं' म्हणणार नाही.

शत्रू मठ्ठ. दरवेळी डावीकडून येतात,
दाणे टाकल्यावर कोंबड्या येतात तसे.
आणि चौथी मोहीम, ती म्हातारी टँकर
चाळीस मिनिटं राखत न्यायची.
मध्ये कुठं सेव्ह नाही.
छत्तिसाव्या मिनिटाला हेस्कॉमनं लाईट नेली.
गेम करणारा त्याला काय करील?
खरं, काहीतरी करायला पाहिजे होतं.

भाषा बारा. मराठी नाही, कन्नड नाही.
आम्ही दोघं इंग्रजी घेतलो
आणि दोघंही अर्धं-अर्धं समजलो.
कुणाचं अर्धं मोठं, यावर वाद झाला नाही.

मग ती रेषा.
नकाशाच्या कडेला गेलं की लाल अक्षरं:
मागं फिरा. दहा. नऊ. आठ.
पुढं तेच तारे असतात, तोच काळोख.
मी मुद्दाम फिरलो नाही.
शून्याला यान आपोआप फुटलं,
कुणी एक गोळी न घालता.
इराण्णा म्हणाला, आळशी काम हाय हे,
पुढचं आभाळ करायचा कंटाळा.
मी कोगनोळीचा विचार करत होतो.
तिथं खिशात फोन टुणकन वाजतो,
महाराष्ट्रात तुमचं स्वागत,
आणि खिडकीतून बघावं तर ऊस तोच,
त्याच सरीत, त्याच वाऱ्यानं एका अंगाला कललेला.
खरं तिथं निदान
कुणी आपोआप फुटत नाही.

शेवटी मार्क द्यायला बसलो.
मी साडेसात. तो आठ म्हणाला,
मग पडद्याकडं बघत, आपल्या बोलीत,
"छलो ऐति, खरे..."
आणि थांबला.
मी पण तिथंच थांबतो, त्याच शब्दावर,
एवढी वर्षं लक्षात आलं नव्हतं.
त्याच्या खरे पुढं काय होतं ते विचारलो नाही.
खालून त्याची आई दार वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी कामावर
स्विच बंद करून चाकाकडं बघत उभा राहिलो.
सुपरवायझर म्हणाला, काय गा, झोपलास?
थांबायला एकेचाळीस सेकंद लागले.
गेममध्ये एवढे नव्हते.