उतरवताना

सव्वीस साली तो मीच वर चढवला होता.
शिकागो, दक्षिणेकडची वस्ती, तिसरा मजला,
जिना इतका चिंचोळा
की मढंही उभं करून आणावं लागे.
खिडकीची चौकट काढली, छपराला कप्पी बांधली,
खालून मी, मेहुणा काझिमिएश
आणि दोन लिथुआनियन, नावं आता आठवत नाहीत.
पियानो हवेत एकदा गरगरला,
विहिरीत पडलेली गाय वर काढावी तसा.

वर खिडकीच्या भोकात ओझेला प्रुइट,
लाँड्रीच्या सोड्याने हात कोपरापर्यंत उललेले.
"सावकाश, मिस्टर वोइतेक," म्हणाली,
"त्यातले पाचच डॉलर अजून माझे आहेत."

पाच रोख, बाकी आठवड्याला दीड.
तेव्हा सगळंच तसं मिळायचं,
शिवणयंत्र, रेडिओ, फरची कॉलर लावलेला कोट,
माझ्या बायकोचे पुढचे दोन दात.
पोराने तर आख्खी फोर्ड आणून दारात उभी केली.
पेट्रोलला पैसे उरले नाहीत,
म्हणून रविवारी सगळे तिच्यात बसलो
आणि नुसता भोंगा वाजवला.

हप्ता तुंबला की ओझेलाकडे शनिवारी पार्टी.
दारात पंधरा सेंट,
डुकराच्या पायांच्या रश्श्याचे वेगळे,
आणि बंदी असलेली ती, चहाच्या किटलीतून.
मी एकदा गेलो. गोरा एकटाच.
सातच वर्षांपूर्वी आमच्या आळीने त्यांच्या आळीवर
विटा फेकल्या होत्या.
एक माझीही होती.
कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

तिचा धाकटा लीमन, दिवसा कत्तलखान्यात आतडी धुणारा,
पियानोवर बसला की डावा हात आगगाडीसारखा.
उजवा मुद्दाम उशिरा यायचा,
पानं वाढून झाल्यावर पाहुणा यावा तसा.
सगळी माणसं एका तालात खाली येत होती.
मी, सवयीने, मनात तुळया मोजत होतो.

तीस साली कंपनीने पुन्हा तोच पत्ता दिला.
अकरा हप्ते बाकी.
लाँड्रीला कुलूप, लीमन डेट्रॉइटला गेलेला,
तिकडून दोन पत्रं, मग काही नाही.
तिने तो पुसून ठेवला होता. पाहुण्यांसमोर नेतात तसा.
"चौकट काढायला पाना लागेल ना?"
तिनेच आणून दिला.

या वेळी दोराला दोघंच.
चढवताना ओढायचं असतं,
उतरवताना सोडायचं, तेही थोडं थोडं;
तळहात त्यातच सोलतात.
दुसऱ्या मजल्याशी तो भिंतीला घासला
आणि आतून सगळ्या तारा हुंकारल्या.
वर पाहिलं नाही.

गोदामात आता तसले एकशे चाळीस.
मागून मालगाडी गेली
की सगळे एकदम गुणगुणतात, झाकणं मिटून.
रखवालदार म्हणतो, होईल सवय.
मी डबा हल्ली तिथेच खातो.