जसे आहे तसे

कासारवडवलीच्या नव्या गॅलरीत मी वाटाणे सोलत होतो.
नंबर अजून 'पार्टी' नावानेच सेव्ह.
"काका, मी दीपांजली खरटमल. तुमच्या घरातून बोलतेय."
म्हणजे तिच्याच घरातून.
दोघंही क्षणभर थांबलो,
घर नेमकं कोणाचं ते ठरेपर्यंत.

मागच्या खोलीतलं कपाट हलवलं, म्हणाली.
भिंत फुगलीय, हात लावला की खपली निघते,
वर सळई दिसते, गंजून बोटाएवढी झालेली.
"तुम्हाला माहीत होतं का?"
आवाजात भांडण नव्हतं.
असतं तर बरं झालं असतं,
भांडायला मला येतं.

मी म्हटलं, बघतो.
बघण्यासारखं काय होतं?
कपाट तिथे मीच सरकवलं होतं,
गिऱ्हाईक यायच्या आदल्या रविवारी,
मुनीरभाईंनी रंगाचा दुसरा हात मारल्यावर.
कुमुदिनी म्हणाली होती, उजेड अडतोय त्याने.
मी म्हटलं होतं, अडू दे.

वकील म्हणाले, लेखी काही देऊ नका.
कलम अकरा वाचा:
पाहून, तपासून, समाधान झाल्यावर, जसे आहे तसे.
सिडकोची तीस वर्षांची इमारत, माणसाला कळू नये?
फोन उचलू नका.
सल्ल्याचे दीड हजार झाले.
मी पावती मागितली नाही.

रात्री तिने फोटो पाठवला.
पांढऱ्याखाली पिस्ता,
पिस्त्याखाली कुमुदिनीला कधीच न आवडलेला गुलाबी,
त्याखाली पांढऱ्या सिमेंटचा गोळा
आणि गोळ्यावर अंगठा.
माझा.
वरच्या देशमानेबाईंची मोरी गळायला लागली त्या वर्षी
स्टुलावर चढून मी भोक बुजवलं होतं,
वाळेपर्यंत दाबून धरलं होतं.
रेष न् रेष दिसत होती.

आणि निबंधकाच्या कचेरीत
हाच अंगठा यंत्र घेईना.
एकतीस वर्षं तुर्भ्याच्या कंपनीत
ॲसिडचे ड्रम हाताळून गुळगुळीत झालेला.
पुसा, परत ठेवा. पुसा, परत ठेवा.
चौथ्या खेपेला कपाळावरून फिरवून ठेवला
तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला
आणि घर तिचं झालं.
तिथे उमटत नव्हता तो
इथे पुट्टीखाली तेरा वर्षं शाबूत.

सोमवारी नेरुळला गेलो.
बसमध्ये घणसोलीपासून वाक्यं जुळवत होतो,
कोपरखैरण्याला ती सगळी मोडली.
बेल बदललीय. आता चिमणी बोलते.
चपला काढताना पाय आपोआप डावीकडे वळले,
आमचा रॅक होता तिथे.
आता तिथे तुळशीची कुंडी.

तिने पाणी दिलं.
भिंत दाखवायला उठली नाही.
"तुम्हाला ठाऊकच आहे कुठे ते."

"माहीत होतं," मी म्हटलं.
मग घाईघाईने पुढचं:
सळईचं काम करणारा माणूस आहे ओळखीचा,
देशमानेबाईंशी मी बोलतो,
खर्चातला अर्धा माझा.
"अर्धा का?" तिने विचारलं.

याचं उत्तर बसमध्ये जुळवलं नव्हतं.
मी ग्लास उचलला. तो आधीच रिकामा होता.

विजेच्या बिलाच्या पाठीवर पेन टेकवून
ती म्हणाली, "अजून काय काय आहे?
एकदाच सांगून टाका."

सांगितलं.
नहाणीच्या फरशीचा उतार उलटा आहे.
स्वयंपाकघरातला तिसरा स्विच
ओल्या हाताला झिणझिण्या आणतो.
ओट्याखालच्या पाइपला मी सायकलची ट्यूब गुंडाळलीय,
ती कुमुदिनीलाही ठाऊक नाही.
पेन मध्येच थांबलं, तिने दुसरं आणलं.
बोलत राहिलो तसं हलकं वाटायला लागलं,
आणि हलकं वाटतंय याचीच लाज वाटली,
कारण जड झालेला कागद
तिच्या हातात होता.

निघताना आठवलं:
आणि हे मुख्य दार. ओढून घेताना
जरा वर उचलावं लागतं.
हा काही दोष नाही, मी म्हटलं.

तिने तेही लिहून घेतलं,
पुढे प्रश्नचिन्ह घालून.