ओक तीन वर्षं मागतो

काल्मेर दरवर्षी ट्रॅक्टर घेऊन येतो
आणि आईची शपथ घेतो: वाळलंय, खडखडीत.
साल्मेमावशी दोन ढलपे उचलते,
त्याच्या कानाशीच एकमेकांवर आपटते.
बद्द.
"हे अजून पाणी पितंय.
अर्धे पैसे आता. उरलेले वाळल्यावर."
काल्मेर टोपी काढतो, घालतो,
घेतो.

वोरूच्या पुढे, लाटव्हियाच्या हद्दीकडल्या या गावात
झाड पाडायचं ते मार्च सरायच्या आत,
रस वर चढायच्या आधी;
जूनमधल्या शेकोट्यांच्या रात्रीपर्यंत
फोडून, रचून मोकळं व्हायचं.
रास भिंतीपासून हातभर लांब.
भिंतीला टेकलं की लाकूड आळसावतं, असं तिचं मत.
बर्च पाहुणे आले की. एरवी अल्डर,
गरीब बिचारा, एका उन्हाळ्यात तयार होणारा.
आणि अधूनमधून अ‍ॅस्पेन, कारण त्याची उंच ज्योत
धुराड्यातली काजळी खरवडून नेते
(मी अजून पाहिलेलं नाही, पण वाद कोण घालणार).

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
तिच्या भट्टीत नाही.
तिथे ओलं नुसतं धुमसतं, शिट्टी घालतं,
काचेला काळं फासतं
आणि सुक्याच्या जिवावर रात्रभर
स्वतःला वाळवत बसतं.

ऑक्टोबरच्या वादळात विहिरीजवळचा ओक आडवा झाला.
सगळे म्हणाले, विक, फर्निचरवाले नेतील.
"फोड," ती मला म्हणाली.

ओक तीन वर्षं मागतो.
तिला चौऱ्याऐंशी पूर्ण झालीत,
आणि तार्तूच्या डॉक्टरांचा कागद
पावाच्या डब्याखाली, चार घड्या घातलेला,
मी वाचलाय.
पाचर समोरच होती. मी ती शोधत राहिलो.

"गप्प का?"
"काही नाही."
ओंडक्यावर बसली होती, मान तिरकी करून,
ढलपे आपटल्यावर करते तशी.
"बद्द वाजलास," म्हणाली.
"आतून ओला आहेस. हाण."

हाणलं.
ओक उभा चिरला, आंबट वास सुटला,
कुऱ्हाडीचं लोखंड लागलं तिथे
लाकूड निळंकाळं पडलं, माझे तळवेही.
चार दिवस लागले. एक गाठ फुटलीच नाही,
तिच्यावर आता कोंबड्या चढून बसतात.

शेवटी तिने लाल खडू मागितला.
जाड सालीवर उमटेना,
म्हणून ढलप्याच्या तोंडावर साल लिहिलं:
आजचं नव्हे, जाळायचं.
खडू परत देता देता थांबली,
आणि खाली, जागा पुरत नव्हती तरी, घुसवलं:
आधी अल्डर संपवा.

घरात आम्ही दोघंच.
आणि मला ती तू म्हणते.