सहा भोकं

घुब्रामधल्या या फ्लॅटसोबत
एक ट्यूब आली होती,
पेटण्याआधी तीनदा डोळे मिचकावणारी.
तिच्या खाली आम्ही सगळे
व्हिसाच्या मेडिकलला रांगेत उभे असल्यासारखे दिसायचो.
नऊ वर्षं चालवून घेतलं.
भाड्याचं घर, श्रीपाद म्हणायचा,
दर दोन वर्षांनी नवा शिक्का. कशाला?

मग या मार्चमध्ये, मी काही न बोलता,
त्यानेच छताचा नकाशा काढला,
ऑफिसच्या पेन्सिलीने, ऑफिसच्याच कागदावर.
भिंतीपासून साठ सेंटिमीटर,
दोहोंमध्ये एकशेवीस.
सहा टिंबं.

घरमालक हमूद फोनवर हसला.
लावा, माफी मुश्किल,
फक्त जाल तेव्हा
छत होतं तसं करून द्या.
'जाल तेव्हा' इथे
सगळ्यांना सगळ्या भाषांत कळतं.

शुक्रवारी नमाज आटोपून रज्जाक मुकादम आला,
वॉचमनची शिडी खांद्यावर.
कुरुमच्या बंगल्यांत, त्याच्या हिशोबाने,
त्याने चाळीस हजार दिवे बसवलेत.
आणि हर्णैला, स्वतःच्या घरी?
पत्रा आहे, भाभी.
पत्र्यात दिवा लपवायचा कुठं?

मेन बंद केला. एसी गेला,
आणि मे महिना थेट सोफ्यावर येऊन बसला.
मी जुन्या चादरी पसरल्या,
देवांवर पातेलं पालथं घातलं.
ड्रिल किंचाळलं, जिप्सम खाली आलं,
पिठाच्या गिरणीत असावं तसं सगळं:
रज्जाकच्या भुवया, श्रीपादचं टक्कल,
सानिकाची वही.
मग त्याने कोपरापर्यंत हात छतात घातला,
डोळे मिटले, वायर चाचपत राहिला.
अडलेली शेळी सोडवतात ना, म्हणाला, तसंच.
बघायचं नसतं.
आणि ओढून काढली, काळी, गरम, धुळीने माखलेली.

खाली चादरीवर
छतातून कापलेल्या चकत्या पडत होत्या,
पांढऱ्या, हाताएवढ्या,
मधोमध बारीक भोक.
थालीपीठ, सानिका ओरडली,
तेल सोडायचं भोकसुद्धा आहे!

श्रीपाद त्या कचऱ्यात भरायला निघाला.
मी पिशवी ओढून घेतली.
छत होतं तसं, म्हणालाय ना तो?
मग हेच छत आहे.
प्रत्येकीच्या पाठीवर नंबर घातला:
बैठक एक, बैठक दोन,
खिडकीकडची, देवाकडची.

रज्जाक शिडीवरून बघत होता.
बसायच्या नाहीत, भाभी.
करवतीचे दात चहूबाजूंनी दोन-दोन मिलिमीटर खातात.
तेवढं परत येत नाही.
येत नाही तर नाही, मी म्हटलं.
पुट्टी लागेल, तो म्हणाला,
मी असलो तर मीच लावीन.
मग त्यालाच हसू आलं.

दिवे आत गेले, स्प्रिंगा खटकन बसल्या,
उंदराच्या सापळ्यासारख्या.
पैसे घेताना त्याने दोन रियाल परत केले,
चहात वेलची होती म्हणून.

तिन्हीसांजेला मी बटण दाबलं.
डोळे मिचकावणं नाही, काही नाही.
दिवा कुठला ते दिसेना, नुसता उजेड,
साजूक तुपाच्या रंगाचा,
आणि त्यात आमचे हात, केस, ताटं
अचानक घरातल्यासारखी.
नऊ वर्षांत प्रथम मला दिसलं
की सोफा हिरवा नाही, मोरपंखी आहे.

दिवा लागला की हात जोडायचे
हे सानिकाला मीच शिकवलेलं.
आई, सहांतल्या कुठल्या दिव्याला?
मला सुचेना.
मी वर बघत जोडले,
मध्येच कुठेतरी.

रात्री सगळं पुसून झाल्यावर
चकत्या हलव्याच्या रिकाम्या डब्यात रचल्या,
मध्ये मध्ये वर्तमानपत्र घालून,
आणि डबा कपाटावर, मोठ्या बॅगेशेजारी ठेवला.
झाकणावर श्रीपादने लिहिलं: छत, सहा नग.
खाली आजची तारीख.
तिच्यापुढे एक आडवी रेघ,
आणि रेघेपुढे
मोजून सोडल्यासारखी
जागा.