पेव

हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं त्या साली
हळद गेली. आमच्या स्टुडिओत
पुढच्या पुरात आलं, छातीभर.

नऊशे सीडी चिखलातून काढल्या.
नळाखाली धरायच्या, मऊ फडक्यानं पुसायच्या
मधल्या भोकाकडून कडेकडं.
गोल फिरवून नाही. गोल चरा पडला
की अख्खं लग्न जातं.

ज्या गेल्या त्या दस्तगीरनं नेल्या,
द्राक्षबागेत दोऱ्यानं टांगल्या.
तिथं कुणाची तरी सप्तपदी
उन्हात लखलखून साळुंक्या हाकलते.

आता भाचा सांगतो, नवी तबकडी निघतेय.
एवढीच, तळहाताएवढी,
पण आत शंभर थर, एकाखाली एक.
एक किरण ठिपका लिहितो,
दुसरा त्याला पसरू देत नाही.
"मामा, सांगलीतली सगळी लग्नं एकीत मावतील."

मावतील की. पेवातही मावायची
पेठेतली हळद.
वरनं माती लिंपली की वर्षानुवर्षं कीड नाही.
फक्त माणूस उतरायच्या आधी
कंदील सोडून बघायचे.
विझला, तर उतरायचं नाही.

काल कवठेपिरानची शेवंताक्का आली,
पदराखाली सीडी, दोन हजार तीनची.
पुतण्याच्या लग्नात, अक्षता टाकताना
मालक हसलेत म्हणे. एकदाच.
तेवढं बघायचंय.

जुना ड्राइव्ह घरघरला, थांबला,
पुन्हा घरघरला.
आम्ही दोघं वाकून बसलो,
खाली सोडलेला कंदील
विझतोय का बघत.