हळदीच्या पोत्यातला समुद्र

गौसपाक हमालानं पोतं दुकानात टेकवलं:
"अडत्याच्या माळ्यावरचं आहे, ताई.
काचेचे तरी पैसे सुटतील."
झटकलं तर आधी हळद उडाली.
शिंकत शिंकत मोजली. नऊ चित्रं,
नऊ लढाया.

नावारिनो, अठराशे सत्तावीस.
सगळी जहाजं नांगर टाकून उभी
आणि उभ्या उभ्याच एकमेकांना जाळणारी,
भाऊबंदकीतल्या घरांसारखी.
लिसा. एकाची चोच दुसऱ्याच्या बरगडीत.
बाकीची नावं वाळवीनं वाचून संपवली होती.

आमचे अण्णा. आदगोंडा मगदूम, फ्रेम मेकर,
गणपती पेठ, सांगली.
समुद्र म्हणून कधी पाहिला नाही;
फार तर हरिपूरचा संगम, वारणा कृष्णेत शिरते तो.
त्यांनी भिंग घेतलं आणि लढाई सोडून
रेघा बघत बसले.
"धूर कोरणारा वेगळा गं, पाणी कोरणारा वेगळा.
ठोकळ्याचे तुकडे करून वाटून घेतलेत चौघांत.
ही बघ शिवण."
खरंच, केसाएवढी पांढरी रेघ
आभाळातून उतरून शिडातून, तोफेतून,
पाण्यात पडलेल्या एका खलाशाच्या छातीतून गेलेली.
डोलकाठीला धरलेला हात एकानं कोरला.
सुटलेला हात
दुसऱ्यानं, जो कदाचित घाईत होता.

अण्णा रोज विचारायचे, जेवतानासुद्धा:
"ही खालची माणसं. अकरा आहेत.
कुणी काढली असतील वर?"
मी म्हणायचे, दीडशे वर्षं झाली, अण्णा.
"म्हणजे अजून पाण्यातच."

त्या ऑगस्टात आयर्विन पुलाखालचे आकडे
सौद्यातल्या बोलीसारखे चढत गेले.
आम्ही वर, तंबाखूवाल्यांच्या गच्चीत.
चित्रं खाली, खिळ्यांवर.
तिसऱ्या दिवशी कुपवाडची पोरं रबरी बोट घेऊन आली,
अण्णांना दोघांनी उचललं, पोत्यासारखं.
आमच्याच पाटीवरून, आमच्याच नावावरून जाताना
अण्णांनी हात बाहेर टाकला, पाण्यात बुडवला,
आणि म्हणाले, "त्यानं चुकवलंय.
पाणी असं रेघेरेघेचं नसतं.
जड असतं."

नवव्या दिवशी शटर पहारीनं उचकटलं.
काचेआड बुरशी, आणि कृष्णेचा गाळ
शिडांच्या मधोमध आडवा.
काळ्या रेघा जागच्या जागी होत्या.
लाल तेवढा गेलेला;
तो छापलेला नव्हताच, कुणीतरी वरून भरलेला.
नऊही लढाया विझल्या होत्या.
तोफांच्या तोंडी नुसता कागद.
हळद मात्र कोपऱ्याकोपऱ्यात टिकली.

परवा विश्रामबागचा एक हॉटेलवाला आला.
सगळी घेतो म्हणाला, पण आग परत भरून द्या,
आगीशिवाय भिंत उठत नाही.
मी इसार घेतला. खोटं कशाला बोलू, घेतला.
बशीत शेंदरी घोळलाय, त्यात थोडी काव.
अण्णा खाटेवरून बघतायत, भिंग उशाशी.

कुंचला भिजवून ठेवलाय कधीचा.
पण माणसं मोजली तर दहाच भरतात.
गाळाखाली आहे की काय एक,
नखानं खरवडून बघतेय.